चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या संगणक प्रणालीचा नियमित सुरक्षा-पुरवठा थांबवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यांतले, पॅथॉलॉजी लॅबमधले, सोनोग्राफी केंद्रांमधले संगणक नेहमीसारखेच सुरू झाले. रक्ताचे अहवाल छापले गेले, केसपेपर निघाले, बिले झाली. काहीही बिघडले नाही. आणि नेमकी अडचण इथेच आहे. गाडीचे ब्रेक निकामी झाले तर पहिल्याच वळणावर कळते. संगणक प्रणालीचे पाठबळ संपले तर काहीच कळत नाही. त्यामुळे ‘चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?’ हा प्रश्न अगदी शहाणपणाचा वाटतो. तो पूर्णपणे चुकीचाही नाही. पण प्रत्येक संगणकाच्या बाबतीत त्याचे उत्तर वेगळे आहे आणि रुग्णांची माहिती ज्या संगणकात आहे, तिथे ते लांबणीवर टाकण्यासारखे नाही.

आधी पाठबळ संपणे म्हणजे काय, ते पाहू. संगणक प्रणाली हे कोट्यवधी ओळींचे लिखाण असते आणि त्यात चुका असतातच. त्यांतल्या काही चुकांमधून बाहेरच्या माणसाला आत शिरता येते. अशा चुका सापडतील तशा कंपनी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी त्यांवर ठिगळे पाठवते. विंडोज १० साठी ही ठिगळे आता सरसकट मिळत नाहीत. यात आणखी एक खोच आहे, ती फारशी सांगितली जात नाही. विंडोज ११ हे काही शून्यातून बांधलेले घर नव्हे. त्याचा बराचसा पाया विंडोज १० चाच आहे. त्यामुळे विंडोज ११ मधले एखादे भोक बुजवले जाते, तेव्हा तेच भोक विंडोज १० मध्येही असण्याची दाट शक्यता असते. दुरुस्तीपूर्वीची आणि नंतरची फाईल शेजारी ठेवून तुलना केली, की भोक कुठे होते ते जाणकाराला दिसते. म्हणजे नव्या प्रणालीची प्रत्येक दुरुस्ती ही जुन्या प्रणालीवर हल्ला करू पाहणाऱ्याच्या हातात दिलेला नकाशा ठरते. जुनी प्रणाली आहे तिथेच राहत नाही. दर महिन्याला ती थोडी अधिक उघडी पडत जाते.

याचा आरोग्यसेवेला बसलेला सर्वांत मोठा धडा ब्रिटनमधला. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर विषाणू दीडशेहून अधिक देशांत पसरला. संगणकातल्या फाईली कुलूपबंद करायच्या आणि किल्लीसाठी तीनशे डॉलर मागायचे, असा त्याचा खाक्या. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतल्या २३६ ट्रस्टपैकी किमान ८० ट्रस्टना आणि ५९५ कौटुंबिक डॉक्टरांच्या दवाखान्यांना त्याचा फटका बसला. काही रुग्णालयांना रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या. रद्द झालेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रियांचा अंदाज एकोणीस हजारांच्या पुढे गेला. तिथल्या आरोग्य खात्याने नंतर एकूण भुर्दंड ९ कोटी २० लाख पौंड असल्याचे सांगितले. एक गोष्ट मात्र याच श्वासात सांगायला हवी: या आठवड्यातील मृत्यूंचा पुढे अभ्यास झाला, त्यात मृत्युदरात वाढ आढळली नाही. कागद-पेन घेऊन काम रेटणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांचे हे श्रेय.

त्या वेळी सगळा दोष विंडोज एक्सपी या प्रणालीवर टाकला गेला. २००१ मध्ये आलेली ही प्रणाली २०१४ मध्ये निवृत्त झाली होती, तरी काही रुग्णालयांत ती अजून वापरात होती, हे खरेच. पण चौकशीत निघाले ते वेगळेच. बाधित झालेल्यांपैकी बहुतेक संगणकांवर विंडोज ७ होते आणि विंडोज ७ ला त्या वेळी कंपनीच्या सुरक्षा-दुरुस्त्या मिळत होत्या. वॉनाक्राय ज्या भोकातून शिरला, त्याचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच, म्हणजे हल्ल्याच्या दोन महिने आधी, पाठवले होते. ते लावले गेले नव्हते, एवढेच. तेव्हा नवी प्रणाली घेतली म्हणजे सुरक्षित झालो, हे समीकरण विक्रेत्याच्या सोयीचे आहे, पण खरे नाही. ‘अपडेट नंतर करा’ ही खिडकी रोज बंद करणाऱ्याला विंडोज ११ ही वाचवू शकणार नाही.

आपल्याकडचे उदाहरण याहून बोलके. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर, म्हणजे एम्सवर, सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरची सुमारे १.३ टेराबाईट माहिती कुलूपबंद झाली. नोंदणी, दाखल करणे, घरी सोडणे ही कामे हाताने करावी लागली. बहुतेक व्यवस्था पूर्वपदावर यायला दोन आठवडे लागले. सरकारने संसदेत दिलेल्या उत्तरात त्याचे कारण काय सांगितले? नेटवर्कची विभागणी नीट नव्हती. म्हणजे एका खोलीत आग लागली तर ती दुसऱ्या खोलीत जाऊ नये म्हणून मध्ये भिंत लागते, ती नव्हती. आणि सुटका कशाने झाली? ज्याला हल्ल्याची झळ पोहोचली नव्हती अशा एका बॅकअप सर्व्हरवरून रुग्णालयाची सगळी माहिती परत मिळाली. देशातल्या सर्वांत नामांकित रुग्णालयाला अखेर तारले ते जपून ठेवलेल्या दुसऱ्या प्रतीने. आपल्या तालुक्याच्या गावातल्या किती रुग्णालयांकडे अशी प्रत आहे? बऱ्याच ठिकाणी ‘बॅकअप’ म्हणजे त्याच संगणकाच्या डी ड्राइव्हमध्ये केलेली कॉपी. संगणक कुलूपबंद झाला की तीही कुलूपबंद.

हे सारे पाहिल्यावरही प्रणाली बदलायला नकार देणाऱ्या डॉक्टरांना किंवा लॅबवाल्यांना आळशी ठरवणे अन्यायाचे होईल. त्यांची कारणे खरी आहेत. पहिले कारण मायक्रोसॉफ्टनेच निर्माण केले. विंडोज ११ साठी ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-चिप आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. ही पिढी २०१७ च्या उत्तरार्धात बाजारात आली. म्हणजे २०१६ साली चांगले पैसे मोजून घेतलेला, आजही केसपेपर आणि बिले सहज उरकणारा संगणक एका नियमाने बाद ठरतो. चिपमागचे सुरक्षेचे तर्कशास्त्र खरे आहे. संगणक सुरू होतानाच कोणी फेरफार केला आहे का, हे तिच्यामुळे पडताळता येते. पण ज्याच्याकडे ती नाही त्याने धडधाकट यंत्र भंगारात घालावे, ही अपेक्षा ग्राहकाच्या खिशातून आणि पृथ्वीच्या खात्यातून वसूल होते. कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने २०२३ मध्ये असा अंदाज मांडला होता, की या एका निर्णयामुळे जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक कचऱ्यात जाऊ शकतात. २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. उरलेला कुठे जातो? तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळल्या जातात आणि तो धूर, ते शिसे वस्तीतल्या मुलांच्या शरीरात जाते. हाही आरोग्याचाच प्रश्न आहे, फक्त वेगळ्या ओपीडीतला.

कंपनीने ग्राहकांना एका वर्षाची सवलत दिली, हे मान्य. वैयक्तिक वापराच्या संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळू शकतात. त्यासाठी तीस डॉलर भरायचे, किंवा कंपनीच्या बक्षीस योजनेतले एक हजार गुण खर्चायचे, किंवा आपल्या संगणकाच्या सेटिंग्ज कंपनीच्या ऑनलाइन साठ्यात ठेवायला होकार द्यायचा. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी आवाज उठवला, तेव्हा तिथे ही सेटिंग्ज साठवण्याची अट गळून पडली आणि वर्ष फुकट मिळाले. आपल्याकडे असा आवाज उठला नाही. तेव्हा अटी कायम. व्यावसायिक संगणकांसाठी वेगळी योजना आहे: पहिल्या वर्षी एका संगणकामागे ६१ डॉलर, मग दरवर्षी दुप्पट, तीन वर्षांपर्यंत. पाच संगणक असलेल्या लहान रुग्णालयाने हा हिशेब मांडला तर तिसऱ्या वर्षाच्या पैशांत नवीन संगणक का घेऊ नये, असा प्रश्न पडेल. आणि तसा तो पडावा, अशीच ती दरांची रचना आहे.

दुसरे कारण यंत्रांचे. रक्ततपासणीचे ॲनालायझर, डिजिटल एक्स-रे, सीटी स्कॅन यांच्या शेजारी असलेला संगणक हा नुसता संगणक नसतो. तो त्या यंत्राचा अवयव असतो. उत्पादकाने ते यंत्र, ते सॉफ्टवेअर आणि ती विशिष्ट प्रणाली एकत्र तपासून दिलेली असते. त्यात परस्पर विंडोज ११ टाकले तर सॉफ्टवेअर चालेलच याची हमी नाही, आणि चालले तरी आलेल्या आकड्यांची जबाबदारी उत्पादक घेणार नाही. मधुमेहाच्या रुग्णाच्या साखरेचा आकडा किंवा गाठीचे मोजमाप हा प्रयोगाचा विषय नव्हे. पंधरा वर्षे टिकणाऱ्या यंत्राला दहा वर्षांत निवृत्त होणारी प्रणाली जोडलेली असते, हा मूळ घोळ आहे. अमेरिकेत २०२३ पासून नेटवर्कला जोडता येणाऱ्या नव्या वैद्यकीय उपकरणांच्या उत्पादकांना मंजुरीच्या वेळीच पुढच्या सुरक्षा-दुरुस्त्या कशा देणार, ते कागदावर मांडावे लागते. आपल्याकडे खरेदीच्या वेळी एवढा एक प्रश्न विक्री-प्रतिनिधीला विचारला तरी पुढचा बराच मनस्ताप वाचेल. सध्या घासाघीस होते ती किमतीवर आणि देखभाल कराराच्या रकमेवर.

तिसरे कारण अस्सल मराठी आहे. रुग्णांसाठीची सूचनापत्रके, शस्त्रक्रियेची संमतीपत्रे, आहाराचे तक्ते असे कितीतरी साहित्य अनेक दवाखान्यांत आणि शेजारच्या डीटीपीवाल्याकडे जुन्या श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फाँटमध्ये पडून आहे. युनिकोडपूर्व काळातला हा मजकूर तो फाँट नसेल तर निव्वळ रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. त्यातल्या जुन्या आवृत्त्यांना संगणकाच्या पाठीमागे लावायचे कुलूप, म्हणजे डोंगल, लागते. त्याचा ३२ बिटचा ड्रायव्हर असेल तर तो विंडोज ११ वर चालणार नाही, कारण ही प्रणाली फक्त ६४ बिटची आहे. विंडोज १० मध्ये ३२ बिटची सोय होती, ती इथे संपली. त्यामुळे ‘मराठी टायपिंग बंद पडेल’ ही धास्ती खोटी नाही. तिच्यावरचा उपायही माहीत आहे: जुना संगणक चालू असेतोवर मजकूर एकदाच युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा. कंटाळवाणे काम आहे, पण दर दहा वर्षांनी तीच रडगाणी गाण्यापेक्षा बरे.

आणि अपडेटनेच घात केल्याची उदाहरणे नाहीत असेही नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एकाच दिवशी निळे पडले. विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिसले ते तेव्हाच. परदेशातल्या अनेक रुग्णालयांनी तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. ते अपडेट विंडोजचे नव्हते, पण बसवताच बंद पडलेल्या संगणकासमोर उभ्या असलेल्या माणसाला हा फरक सांगून उपयोग नसतो. नवीन प्रणाली आली त्याच आठवड्यात ती टाकण्याची घाई करू नये, हा जुना सल्ला अजूनही चांगलाच आहे. फक्त विंडोज ११ येऊन चार वर्षे उलटून गेली. ‘जरा स्थिरावू दे’ हे कारण आता चालणार नाही.

मग ठरवायचे कसे? संगणकाचे वय विचारण्याआधी त्याचे काम विचारावे. ज्या संगणकात रुग्णांची नावे, निदाने, मोबाईल क्रमांक, आधार किंवा आभा क्रमांक आहेत, ज्यावरून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे दावे पाठवले जातात, ज्यावर बँक उघडली जाते, तो इंटरनेटशी जोडलेला असणारच. त्यावर पाठबळ नसलेली प्रणाली ठेवणे हा निष्काळजीपणा आहे. इथे तडजोड नको. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधन दोन मिनिटांत सांगते, की हा संगणक विंडोज ११ पेलेल की नाही. ‘पेलणार नाही’ असे उत्तर आले तरी लगेच नवा घेऊ नये: २०१८ नंतरच्या अनेक संगणकांत टीपीएम असते, पण बायॉसमध्ये बंद ठेवलेले असते. ते चालू केले की काम भागते. संगणक मंद आहे म्हणून बदलायचा विचार असेल तर बऱ्याचदा दोष जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. तिच्या जागी एसएसडी बसवली की तोच संगणक ओळखू येत नाही. गल्लीतला तंत्रज्ञ हमखास आणखी एक वाट सुचवील: हार्डवेअरची अट चुकवून विंडोज ११ टाकून देतो, म्हणेल. तसे करता येते, पण अशा संगणकाला पुढची अपडेट मिळतीलच याची कंपनी खात्री देत नाही. आणि ‘ॲक्टिव्हेटर’ वापरून टाकलेली चोरीची प्रत म्हणजे तर घराला कुलूप बसवायला चोरालाच बोलावण्यासारखे; अशा साधनांबरोबरच विषाणू आत येतात.

याउलट, ॲनालायझर किंवा एक्स-रेच्या शेजारचा संगणक उत्पादकाच्या लेखी परवानगीवाचून हलवूच नये. त्याला इंटरनेटची गरज नसते. ती केबल काढावी. अहवाल दुसऱ्या संगणकावर न्यायचेच असतील तर त्याचे नेटवर्क स्वागतकक्षाच्या वाय-फायपासून वेगळे असावे. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना जो पासवर्ड दिला जातो, त्याच जाळ्यात रुग्णालयाचा सर्व्हर असणे हे चित्र सर्रास दिसते आणि एम्सच्या अनुभवानंतर ते अक्षम्य आहे. पेन ड्राइव्हची ये-जाही तिथे थांबवावी. असा एकटा ठेवलेला विंडोज ७ चा संगणक नेटवर्कवरच्या, अपडेट न केलेल्या विंडोज ११ पेक्षा कमी धोक्याचा आहे, हे ऐकायला विचित्र वाटले तरी खरे आहे.

ज्या जुन्या संगणकावर फक्त ब्राउझर उघडायचा असतो, त्यासाठी उबुंटू किंवा लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली विचारात घेण्यासारखी आहे. केरळच्या सरकारी शाळांमध्ये मुक्त प्रणालीवरच संगणक चालतात; तेव्हा ती सामान्य माणसाला झेपत नाही, हा बागुलबुवा आहे. अडचण येते ती बारकोड प्रिंटर, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन किंवा बिलिंगचे खास विंडोजसाठीचे सॉफ्टवेअर असेल तर. पेन ड्राइव्हवरून ती प्रणाली न बसवताही चालवून पाहता येते. एका रविवारी हा प्रयोग करून मगच ठरवावे.

यांतले काहीही करण्याआधी माहितीची एक प्रत इमारतीबाहेर आणि संगणकापासून तोडलेली हवी, आणि ती उघडून पाहिलेली हवी. कधीच उघडून न पाहिलेला बॅकअप असून नसल्यासारखा. प्रणाली बदलताना फाईली गमावल्याच्या बहुतेक कहाण्या या एका आळसाच्या आहेत.

डॉक्टरांवर सगळा भार टाकून हा विषय मिटत नाही. २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले, की पाठबळ संपलेल्या प्रणालीवर चालणारी एटीएम यंत्रे टप्प्याटप्प्याने बदला. सप्टेंबर २०१८ पर्यंत पाव, आणि जून २०१९ पर्यंत सगळी. तारखा ठरल्या, म्हणून काम झाले. रुग्णाच्या माहितीला अशी तारीख ठरवून देणारे कोणी नाही. २०२३ चा व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा आहे, त्यात माहिती जपण्यात कसूर झाल्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले; पण तो घटना घडून गेल्यानंतरचा बडगा. सायबर हल्ल्याची खबर सहा तासांत ‘सर्ट-इन’ला देण्याचे बंधन २०२२ पासून आहे, ते किती लहान रुग्णालयांच्या कानावर गेले असेल? शुश्रूषागृहाच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना अग्निशमनाचा दाखला मागितला जातो, जैववैद्यकीय कचऱ्याची व्यवस्था विचारली जाते. त्याच अर्जात आणखी दोन रकाने वाढवायला राज्याच्या आरोग्य विभागाला फारसा खर्च येणार नाही: रुग्णांच्या नोंदी ठेवणाऱ्या संगणकावर कोणती प्रणाली आहे, आणि बॅकअप शेवटचा कोणत्या तारखेला उघडून पाहिला.